उसनं तोंड

"दरी किती रुंद आहे?" यशोनं विचारलं, आणि ओजलनं कपाळावर हात मारून घेतला.

झालं! आता अर्धा तास दोरखंडाचं वजन होणार, मग पाण्याच्या पखाली मोजल्या जाणार, मग घोड्यांना दम लागणार. आणि तोवर पलीकडच्या गडावरचा राक्षस बिचारा जांभया देत बसणार.

"तडिता उडी मारते," ओजल म्हणाली. "विषय संपला."

"कंबरेला तलवार, पाठीवर ढाल, खांद्यावर जखमी राजपुत्र. हे सगळं घेऊन?"

"घेऊनच! नाहीतर काय, राजपुत्राला कुरिअरनं पाठवू?"

"तुषार, तू सांग नं. दरी किती रुंद?"

तुषार मडावी या खेळाचा सूत्रधार होता. राक्षस, राजे, पाऊस, भूक, सगळं त्याच्या तोंडून यायचं. त्यानं खिडकीबाहेर बोट दाखवलं. तिथं देवघाट वीजकेंद्राची चिमणी उभी होती, लालपांढऱ्या पट्ट्यांची, ढगात डोकं खुपसून. "आपल्या चिमणीएवढी समज. खाली बुंध्याशी आहे नं, तेवढी रुंद."

"मग उडी शक्यच नाही," यशो म्हणाली.

"तडिता वीजकन्या आहे!"

"वीजकन्येचेही गुडघे माणसाचेच असतात."

"तुझ्या सोमीचे असतील! गुडघेदुखीवाली नायिका कोण घेतं गं? उद्या तिला चष्माही लावशील."

"लावणारच होते," यशो शांतपणे म्हणाली. तुषार इतका हसला की फासे खाली सांडले.

कॉलनीतल्या बंद पडलेल्या बॅडमिंटन हॉलमध्ये, कॅरम बोर्ड उलटा घालून, त्याच्या मागच्या बाजूवर खडूनं राज्य काढून हा खेळ सहावीपासून चालू होता. तडिता म्हणजे कॅरमची लाल राणी. सोमी वाटाडी म्हणजे एक काळी सोंगटी, कडेला टवका उडालेली. जिंकणं-हरणं असं काही नव्हतंच. आपण कोणीतरी व्हायचं, काय करतो ते सांगायचं, फासे टाकायचे आणि सूत्रधार म्हणेल ते भोगायचं. ओजल बोरकुटेला त्यात उडायचं असायचं. घरी, शाळेत, रस्त्यावर जे होत नाही ते इथंही होणार नसेल तर खेळायचंच कशाला? आणि यशोधरा रामटेकेचं म्हणणं बरोब्बर उलटं. सगळंच फुकट मिळणार असेल तर त्यात गंमत ती काय? सोमीनं तहान सोसून, लंगडत लंगडत झरा गाठला की यशोचा चेहरा असा फुलायचा की बघत राहावं.

दोघींची भांडणं व्हायची ती अशी. आणि तरी दोघी एकमेकींना सोडायच्या नाहीत, कारण त्या खेळात आणखी एक गोष्ट होती.

तिला ते 'उसनं तोंड' म्हणायचे.

सुरुवात सातवीत झाली. ओजल गणितात नापास झाली होती आणि घरी सांगायची हिंमत नव्हती. त्या दिवशी खेळात, काही कारण नसताना, तडिता अचानक म्हणाली, "मी लढाई हरलेय. राजवाड्यात कशी जाऊ?" मग यशोची सोमी म्हणाली, "मी येते बरोबर. दारापर्यंत." संध्याकाळी यशो खरंच ओजलच्या दारात हजर! हातात पाण्याची बाटली, जशी काही मोहिमेवरच निघालीय. त्याबद्दल दोघी एक अक्षर बोलल्या नाहीत.

तेव्हापासून नियमच झाला. आपल्या तोंडानं जे बोलवत नाही, ते पात्राचं तोंड उसनं घेऊन बोलायचं. ऐकणाऱ्यानं समजून घ्यायचं आणि जमेल ते करायचं. खेळाबाहेर त्याचा विषय काढायचा नाही. तुषारची आजी गेली तेव्हा राज्यातली सगळी देवळं बंद झाली होती, आणि ओजल-यशोनं कारण न विचारता त्याचे आठवडाभराचे गृहपाठ लिहून दिले होते. कोणत्याही तिघांकडे इतकं मजबूत काही असेल असं ओजलला वाटायचं नाही.

दिवाळीनंतर तुषार एक खोका घेऊन आला.

"तुमच्या दोघींच्या भांडणात माहा जीव चालला," तो म्हणाला. "एकीला उडायचं, एकीला लंगडायचं. मी मधात उभा राहून सँडविच झालो बे. आता हे घ्या. समरस."

खोक्यात कानावर घालायचे तीन कप होते, मऊ, करड्या रंगाचे, आणि प्रत्येकाच्या कडेला एक छोटी चकती, एक ते दहा आकड्यांची.

यंत्राची करामत साधी होती आणि म्हणूनच भारी होती. आवाज म्हणजे हवेतल्या लाटा. लाटेचा उंचवटा येतोय तिथं बरोबर तेवढाच खळगा सोडला, की दोन्ही एकमेकांना गिळतात आणि उरते शांतता. कप बाहेरचा प्रत्येक आवाज असा पुसायचा. मग, अर्ध्या श्वासानं, तेच वाक्य नव्यानं घडवून कानात सोडायचा, बोलणाऱ्याच्याच आवाजात, त्याच्याच हेलात. किती नव्यानं, ते चकती ठरवायची. समरसनं लाखो गोष्टी वाचल्या होत्या आणि लाखो खऱ्या हकिकतीही: अपघातांच्या, लढायांच्या, दुष्काळांच्या, भांडणांच्या. चकती दहाकडे नेली की ते विचार करायचं, अशा वेळी माणसांचं बहुतेक काय होतं? एककडे आणली की विचार करायचं, ऐकणाऱ्याला काय व्हायला हवंय? पटाचा सांगाडा मात्र सगळ्यांना एकच. फाशावर पाच पडले तर पाचच, सोंगटी हलली तर सगळ्यांसाठी हलली. त्या सांगाड्यावरचं मांस ज्याचं त्याचं.

ओजलनं चकती सरळ एकवर आणली. यशोनं नऊवर.

आणि काय सांगावं! दरी आली तशी तडिता विजेसारखी झेपावली, खाली ढग गडगडले, राजपुत्र 'वाह' म्हणाला. समोर यशोही खूश होती. तिच्या कानातल्या दरीत म्हणे दोरानं उतरायला सबंध दिवस लागला आणि तळहात सोलून निघाले. दोघींकडे सोंगट्या पलीकडे पोचल्या होत्या. बस!

"माझ्याकडे वाघ बोलला," खेळ संपल्यावर ओजल म्हणाली.

"माझ्याकडे तो पाणी पिऊन निघून गेला," यशो म्हणाली, "पण काय सुंदर गेला गं!"

दोघी पोट धरधरून हसल्या. हिवाळाभर एकही भांडण झालं नाही. तुषार तर म्हणाला, मला आता फावल्या वेळात चणे खाता येतात.

सूत्रधाराचं वर्णन बदलतं हे त्यांना ठाऊक होतं. आपण एकमेकींशी जे बोलतो तेही बदलत असेल, हे दोघींच्या मनातसुद्धा आलं नाही.

त्याच हिवाळ्यात कॉलनी रिकामी व्हायला लागली. कोळशाचं वीजकेंद्र कायमचं बंद होणार हे वर्षभर ऐकत होते, आता ते दारात आलं. कुणाची बदली नाशिककडे, कुणाची ओडिशात. क्वार्टरांसमोर ट्रक लागायचे, आणि दुसऱ्या दिवशी त्या अंगणातली तुळस कुणीतरी आपल्या घरी नेऊन लावायचं. यशोचे बाबा टर्बाइनवर होते. त्यांना कच्छच्या रणातलं सौर वीजकेंद्र मिळालं. एप्रिलमध्ये हजर व्हायचं. म्हणजे यशोची दहावी तिथं, नवी भाषा, नवं बोर्ड. वर्ष वाया जाणार हे सरळ दिसत होतं.

"तिले आपल्याकडे ठेवून घेऊ नं," ओजलची आई पोळ्या लाटता लाटता म्हणाली. "एका वर्षाचा तर सवाल आहे. तुझ्या खोलीत दुसरी खाट मावते."

ओजल उड्याच मारायला लागली. "मी आत्ता सांगून येते!"

"थांब. तिच्या आईचा स्वभाव तुले माहीत आहे. आपण होऊन म्हटलं तर त्यांना उपकार वाटतील, अन् नाहीच म्हणतील. पोरीनं स्वतः म्हटलं की मी जाऊन पक्कं करतो. पहिला शब्द तिचा येऊ दे."

ओजलला ते पटलं. आणि यशो कुठं म्हणणार ते तर तिला पक्कं ठाऊक होतं. पटावर! ती वाट बघत राहिली. आज म्हणेल. उद्या म्हणेल. मनातल्या मनात तिनं खाटेची जागासुद्धा ठरवून टाकली, खिडकीखालची, कारण यशोला उजेडात वाचायला आवडायचं.

मार्चातल्या एका तापलेल्या दुपारी तडिता आणि सोमी एका फाट्यावर आल्या. यशो खूप वेळ काळी सोंगटी बोटांत फिरवत बसली होती. मग तिनं तोंड उघडलं, आणि ओजलच्या कानात तिचा आवाज आला, खळखळता, झऱ्यासारखा.

"तडिता, पुढच्या गडावर दिवे दिसतायत! मी पुढं जाते, मशाल पेटवून ठेवते. चालेल नं?"

वाक्य संपलं. यशोचे ओठ मात्र हलतच होते. बराच वेळ. तिचे डोळे भरले होते आणि एक थेंब पटावरच्या खडूच्या नदीत पडला.

ओजलनं ते पाहिलं. नीट पाहिलं. आणि तिला वाटलं, हिच्या चकतीवर नऊ आहेत, हिच्या कानात नेहमीसारखं कुणीतरी मेलं असणार. घोडा बहुतेक. तिला हसूच आलं.

"जा गं सोमी!" तडिता गरजली. "बिनधास्त जा! मागं वळूनसुद्धा बघू नको. तुझ्यावाचून आम्ही काय मरत नाही!"

यशोनं काळी सोंगटी उचलली, पटाच्या बाहेर ठेवली, कप काढून खोक्यात ठेवले आणि पाणी प्यायला म्हणून गेली ती परत आलीच नाही.

त्यानंतर ती खेळायलाही आली नाही. भेटली तर "सामान बांधून राहिलो," एवढंच. ओजल वाट बघून बघून आधी गोंधळली, मग चिडली. हिला थांबायचंच नाहीये! गडावर दिवे दिसतायत म्हणाली, आनंदानं म्हणाली की. नवं गाव, नवी शाळा, हिला मजा वाटतेय आणि आपण इथं वेड्यासारखं खाटेची जागा ठरवतोय! विचारायला तर जायचं नव्हतं, नियम होता. ज्या दिवशी रामटेक्यांचा ट्रक निघाला त्या दिवशी ओजल गच्चीत उभी होती. यशो पुढं बसली होती, मांडीवर कुंडी घेऊन. तिनं वर पाहिलं नाही.

*

चिमणी पाडणार होते ते पुढच्या डिसेंबरात. देवघाटचे जुने लोक लांबलांबून आले. कुणी डबे आणले, कुणी जुने हेल्मेट घालून आलं. एवढी माणसं तर कॉलनी भरलेली असताना गणपतीलाही जमली नव्हती. शेतात बांधलेल्या दोराच्या अलीकडं सगळे उभे होते, आणि त्या गर्दीत ओजलला यशोचा लाल स्वेटर दिसला.

यशो उंच झाली होती. शेजारी तुषार उभा होता, नागपूरच्या वसतिगृहातून आलेला, कधी या पायावर कधी त्या पायावर.

"काय गं," ओजल म्हणाली. इतक्या महिन्यांनी तोंडातून एवढंच निघालं.

"काय," यशो म्हणाली.

"दहावी कशी चालू आहे?"

"नववीत आहे. परत बसवलं त्यांनी. भाषा येत नाही नं."

म्हणजे वर्ष खरंच वाया गेलं होतं. आणि वाईट वाटल्याचं लपवायला ओजल नेमकं नको ते बोलली. "मग गेलीस कशाला एवढ्या हौसेनं? आमच्याकडे राहिली असतीस!"

यशोचं तोंड पांढरं पडलं. "विचारलं होतं की मी."

"कधी?"

"पटावर. फाट्यापाशी. सोमीचा गुडघा आता चालायचा नाही म्हणाले. हा रस्ता मला नको म्हणाले. तुझ्या छावणीत एक वर्ष राहू देशील का, तुझ्या आईला विचारशील का. नाही म्हणालीस तरी चालेल, असंही म्हणाले." ती सगळं एका दमात बोलली, जसं रोज म्हणत असावी. "आणि तू म्हणालीस, प्रत्येकाला आपापलं ओझं असतं सोमी. तुझं मी नाही उचलू शकत. तू जा."

"मी असं कधीच म्हटलं नाही!"

"तुझा आवाज होता, ओजल. मी माझ्या कानांनी ऐकलं."

"आणि मी माझ्या कानांनी ऐकलं की गडावर दिवे दिसतायत! मशाल पेटवून ठेवते म्हणालीस!"

एकदमच दोघींनी तुषारकडे पाहिलं.

तो खाली मातीत बघत होता. "समरसमध्ये एक कळ होती," तो म्हणाला. "वर्णनासोबत पात्रांचं बोलणंही जुळवून द्यायची. तुम्ही बोलण्यातच जास्त भांडायच्या नं… मी पहिल्याच दिवशी चालू केली. खरं बोलणं माह्याही कानात कधी आलं नाही. मले वाटलं, भांडणं बंद होतील." त्यानं नाक पुसलं. "झाली पण होती बे बंद."

"खरं बोलणं ऐकू दे आम्हाला," ओजलनं त्याचा दंड धरला. "साठवलेलं असेल नं कुठंतरी?"

"मूळ आवाज ते ठेवतच नाही. पुसला की पुसला."

दूर पहिला भोंगा झाला. लोक मोबाइल वर धरून सरसावले.

"पण आता कळलं नं!" ओजलनं यशोचे दोन्ही हात पकडले. तिला रडू येत होतं आणि हसूही. "यंत्रानं केलं सगळं! तूही नाही, मीही नाही! आई खाट लावणार होती गं, खिडकीखाली, तुझ्यासाठी!"

यशोनं हात सोडवले नाहीत. पण धरलेही नाहीत. "मग तू खरं काय म्हणाली होतीस?"

ओजलला यशोशी खोटं बोलायची सवय नव्हती. "जा म्हणाले होते. मागं वळून बघू नको." आणि मग, अगदी हळू, "तुझ्यावाचून आम्ही काय मरत नाही."

"हां," यशो म्हणाली. "म्हणजे यंत्रानं फार काही बदललं नाही."

"मी गंमत करत होते! माझ्या कानात तू हसत होतीस!"

"आणि डोळ्यांत? तुझे डोळे तर उघडे होते. मी समोर रडून राहिली होती."

ओजलला 'घोडा' आठवला. तिनं तो सांगितला नाही. सांगता आला असता का कुणाला?

"राग नाही गं माझा," यशो म्हणाली, आणि ते खरं होतं, त्यानंच ओजलला जास्त भीती वाटली. "मी सगळा उन्हाळा विचार केला. यंत्राचं मला माहीत नव्हतं, तरीही. नऊवर ते काय करतं? बहुतेक माणसं काय म्हणतील ते सांगतं. ठीक आहे. पण ते वाक्य तुझ्या तोंडून आलं आणि मला एक क्षणही वाटलं नाही, की ही असं म्हणणार नाही. एक क्षण. मी लगेच मानलं. आणि तूही लगेच मानलंस, की ही नाचत नाचत जाईल. ते काही यंत्रानं नाही केलं, ओजल."

दुसरा भोंगा झाला. चिमणी एवढी शांत उभी होती, जसं काही तिचं नावच घेतलं नाही कुणी. मग बुंध्याशी करड्या धुराचे गोळे फुटले, आवाज नंतर आला, आणि ती लालपांढरी उंची कमरेत वाकली आणि बसली. लोक ओरडले. जुने हेल्मेटवाले काका तोंड झाकून रडायला लागले. धुळीची भिंत शेतावरून चालत आली आणि सगळ्यांना गिळून पुढं गेली.

धुळीत यशो दिसेनाशी झाली तेव्हा ओजलनं शेवटचं एकच शस्त्र काढलं. आपल्या तोंडानं येईना, म्हणून तिनं उसनं घेतलं.

"सोमी," ती म्हणाली, तडिताच्या आवाजात, घसा फाटेपर्यंत. "मी आलेय फाट्यावर परत. थांब. माझ्या छावणीत चल."

धूळ बसत गेली. यशोच्या केसांवर, पापण्यांवर राख होती. तिनं उत्तर दिलं ते मात्र स्वतःच्याच तोंडानं.

"सोमी नाही गं राहिली. त्या दिवशी मी कप काढायच्या आधीच गेली ती. एकटी निघाली, गुडघा लचकला, दरीत पडली. तिथंच तहानेनं मेली. तुला कळलं नाही?"

"माझ्याकडे ती गडावर आहे," ओजल म्हणाली. "मशाल पेटवून बसलीय. माझी वाट बघतेय."

यशो त्या दिवसात पहिल्यांदाच हसली, अगदी थोडंसं, लहान मुलीनं दाखवलेल्या बाहुलीकडे बघून मोठं माणूस हसतं तसं.

"बघू दे मग," ती म्हणाली. "बरं आहे."

तिच्या बाबांनी हाक मारली, त्यांची बस निघत होती. ती दोराखालून वाकून गेली. या वेळीही तिनं मागं पाहिलं नाही, आणि तसं तर ओजलनंच सांगितलं होतं.

तुषार काहीतरी बोलत होता. ओजल समोर बघत होती. जिथं चिमणी होती तिथं आता नुसतं आभाळ होतं, मोठं, पांढरं, कशानंही न अडलेलं. ती दरी किती रुंद होती हे मोजायला आता काहीच उरलं नव्हतं.